अंबाझरीच्या खाली राहणाऱ्यांना रात्री उठवणार कोण? नागपूरच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरातले तलाव, नद्या, नाले, रस्ते आणि आपत्ती व्यवस्थापन ज्यांच्या ज्यांच्या हाती आहे ते सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार. खरं तर हे पत्र एकाच खात्याला लिहायचं होतं, पण कोणत्या खात्याला ते आम्हाला आजपर्यंत कोणी नीट सांगितलंच नाही. तलावाचं विचारलं तर एका टेबलावर जा म्हणतात, धरणाच्या भिंतीचं विचारलं तर दुसऱ्या ऑफिसात, नदीचं तिसरीकडे, आणि रस्त्याचं विचारलं तर आधी हा रस्ता कोणाचा आहे ते शोधून आणा म्हणतात. म्हणून सगळ्यांना मिळूनच लिहून राहिले आणि सगळ्या नागपूरकरांसमोर लिहून राहिले, म्हणजे "आम्हाला पत्र मिळालं नाही" असं कोणाला म्हणता येऊ नये.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात वस्तीतले आम्ही काही जण एका ऑफिसात गेलो होतो. मागणी एवढीच होती की अंबाझरी तलाव भरत आला की खालच्या वस्त्यांना कळवायची काहीतरी पक्की व्यवस्था करा. तिथं आम्हाला तोंडी उत्तर मिळालं की आता कामं झाली आहेत, २०२३ सारखा पूर परत येणार नाही, सायरन वगैरे लावला तर लोक उगाच घाबरतील. हे उत्तर मला मान्य नाही. घाबरायचं की नाही ते आमचं आम्ही पाहून घेऊ, पण पाणी येऊन राहिलं आहे हे आम्हाला पाणी घरात शिरायच्या आधी कळलं पाहिजे, आणि हा काही उपकार नाही, आमचा हक्क आहे.

माझं घर डागा लेआउटच्या बाजूला, नदीपासून जवळ, ग्राउंड फ्लोअरला. घरात सासूबाई आहेत, लकव्यानं त्यांची डावी बाजू गेलेली आहे, स्वतःहून कूस पण बदलता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात पाणी आलं ते दारातून नाही, आधी बाथरूमच्या जाळीतून वर आलं, मग लाइट गेली आणि मग दाराखालून. पलंगाच्या पायाशी पाणी पोहोचेपर्यंत बाहेर कंबरेएवढं झालं होतं. शेजारच्या दोन पोट्ट्यांनी आणि माझ्या मुलानं सासूबाईंना खुर्चीवर बसवून जिन्यानं वर नेलं म्हणून त्या आज आहेत. त्या पुरात जे गेले त्यांच्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाया होत्या, ज्यांना घरातून उचलून बाहेर काढता आलं नाही. त्यांच्या घरी आणि माझ्या घरी फरक फक्त एवढाच होता की माझ्याकडे वेळेवर उचलणारे हात होते, आणि दुसऱ्या कोणाच्या घरी ते असतीलच असं नाही.

आता मुद्द्यावर येते.

अंबाझरी तलाव १८७० च्या सुमाराचा, शहराला पाणी पाजायला बांधलेला. नाग नदी पश्चिमेकडून लाव्याच्या टेकड्यांकडून येते, तलावात उतरते आणि ओव्हरफ्लोवरून, म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून, आमच्या वस्त्यांकडे निघते. तो पूर आला तेव्हा ओव्हरफ्लोला दरवाजे नव्हते. तलाव भरला की पाणी आपोआप सांडव्यावरून खाली येत होतं, ते कोणी सोडत नव्हतं आणि कोणाला अडवता पण येत नव्हतं. नागपूरकरांना हे लहानपणापासून माहीत आहे कारण दर पावसाळ्यात ओव्हरफ्लो पाहायला गर्दी होते, भुट्टे खात फोटो काढतात लोक. म्हणजे तलाव भरला आहे ही काही गुपित गोष्ट नाही. सप्टेंबरच्या शेवटी तर तो भरलेलाच असतो. अशा भरलेल्या तलावावर त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, नागपुरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पडतो, म्हणजे वर्षाचा जवळपास दहावा हिस्सा एका झोपेत पडला. तलावात जागा नव्हती, जमीन आधीच भिजलेली, वरच्या बाजूला वाडी आणि हिंगण्याकडे जिथं शेतं आणि मोकळं रान होतं तिथं आता स्लॅब, शेड आणि रस्ते आहेत, तर ते पाणी जाणार कुठं होतं?

तर माझी पहिली तक्रार हीच, आणि बाकी सगळ्या तक्रारी एका बाजूला ठेवल्या तरी ही मी सोडणार नाही, की आम्हाला कोणी उठवलं नाही. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आपल्या शहरात आहे, डॉपलर रडार आपल्या शहरात आहे, ढग कुठं साचून राहिले हे रात्री दोन वाजता पण दिसतं. त्याच वर्षी जुलै महिन्यात सगळ्यांचे फोन एकाच वेळी जोरात वाजले होते, आठवत असेल, आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून मेसेज आला होता, माझी तर त्या आवाजानं छातीच धडधडली होती. म्हणजे फोन वाजवता येतो हे जुलैत सिद्ध झालं. आणि सप्टेंबरच्या त्या रात्री माझा फोन उशाशी होता, चार्ज होता, त्याच्यावर काहीही आलं नाही. मदतीसाठी जो नंबर लावला तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्येच संपली होती, प्रशासक होता, त्यामुळे नगरसेवकाला फोन करावा म्हटलं तर नगरसेवकच नव्हता.

लोक म्हणतात ढगफुटी झाली, निसर्गासमोर काय चालतं. मी ते मान्य करत नाही, अर्धंच करते. पाऊस तुमच्या हातात नाही हे खरं. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणून कमी वेळात जास्त पाणी कोसळायचे प्रसंग वाढणार आहेत हे जगभरचे शास्त्रज्ञ किती वर्षांपासून सांगून राहिले. आपल्याकडे तर दिसलंच आहे, ६ जुलै २०१८ ला असाच पाऊस झाला, पावसाळी अधिवेशन नागपूरला होतं आणि पाणी शिरल्यामुळे विधानभवनाची लाइट बंद ठेवावी लागली, सभागृहाचं काम थांबलं. मग २०२३. मग २० जुलै २०२४ ला परत वस्त्यांमध्ये पाणी. ज्या गोष्टी वारंवार होतात त्यांना आपण किती दिवस अचानक म्हणत राहणार?

आणि आपल्या शहराला हे जमत नाही असं पण नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्यानंतर उन्हासाठी हीट अ‍ॅक्शन प्लॅन झाला, आता उन्हाळा आला की चौकाचौकात सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात, भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात म्हणजे लोकांना उन्हात उभं राहावं लागू नये, दवाखान्यात कोल्ड वॉर्ड तयार होतो. हे तुम्हीच केलं, आणि चांगलं केलं, त्याबद्दल मनापासून आभार. मग उन्हासाठी जे डोकं चाललं ते पुरासाठी का चालू नये? पूर तर उन्हासारखा शहरभर पण पसरत नाही, कुठून येणार, कुठं वळणार, कोणाच्या घरात आधी शिरणार हे सगळं आता माहीत आहे. डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट, वर्मा लेआउट, समता लेआउट, पुढं शंकरनगर, रामदासपेठ, यशवंत स्टेडियमचा भाग, सीताबर्डी, मोरभवन बसस्टँड जिथं बसा पाण्यात उभ्या होत्या. नकाशा पाण्यानंच काढून दिला आहे.

दुसरी तक्रार नदीच्या रुंदीची. ओव्हरफ्लोच्या तोंडासमोर स्वामी विवेकानंदांचं स्मारक बांधलं. स्वामी विवेकानंदांबद्दल माझ्या घरात श्रद्धा आहे आणि हा वाद श्रद्धेचा करू नका अशी हात जोडून विनंती आहे. प्रश्न एवढाच आहे की धरणाच्या सांडव्यासमोर बांधकाम करायची परवानगी देताना पाण्याचा हिशोब कोणी केला होता का, आणि केला असेल तर तो कागद लोकांना दाखवा. हायकोर्टात यावर रहिवाशांना जावं लागलं, तिथं तारखांवर तारखा झाल्या, कोर्टानं विचारलं तेव्हा कुठं फायली हलल्या. आमच्या इकडं नाल्यावर स्लॅब टाकून स्केटिंग रिंक आणि पार्किंग केलं होतं, तो पाण्याला अडथळा आहे हे पुरानंतर सगळ्यांना एकदम कळलं, तोपर्यंत तिथं गाड्या लावायचे पैसे घेतले जात होते. पुढं ठिकठिकाणी नदीच्या भिंती आत आत सरकल्या आहेत, कुठं कोणाची कंपाउंड वॉल, कुठं रस्ता रुंद करायला नदी अरुंद केलेली.

पुरानंतर ओव्हरफ्लोजवळचा पूल मोठा करायला घेतला, पडलेल्या भिंती बांधायला घेतल्या, हे मी नाकारत नाही. पण साहेब, यातली एक गोष्ट कोणी बोलत नाही. वरचा पूल मोठा केला म्हणजे पाणी तिथं अडणार नाही, लवकर खाली येणार. आणि खाली जर नदी तेवढीच अरुंद राहिली, पुढचे पूल तेवढेच बुटके राहिले, तर जे पाणी आधी वर साचत होतं ते आता आमच्याकडे आधीपेक्षा जोरात येईल. तलावाला दरवाजे बसवायचं ठरलं तेव्हा पण मला हेच वाटलं. दरवाजे चांगलेच, पाऊस यायच्या आधी थोडं पाणी सोडून जागा करता येते. पण दरवाजा आला की पाणी सोडायचं का, कधी सोडायचं, किती सोडायचं हा निर्णय माणसाच्या हातात येतो. रात्री दोन वाजता तो निर्णय कोण घेणार? त्याला कोण फोन करणार? दरवाजा उघडायच्या किती आधी आम्हाला कळणार? तलावापासून आमच्या घरापर्यंत पाणी यायला तास नाही लागत. दरवाज्याच्या कंत्राटाबद्दल सगळे बोलतात, पण दरवाजा चालवायच्या नियमांबद्दल मी तरी कोणाला बोलताना ऐकलं नाही.

तिसरं म्हणजे सिमेंट रोड. यावर अख्खं नागपूर बोलतं तरी लिहिते. आमच्या गल्लीत सिमेंट रोड केला तेव्हा खालचा जुना डांबरी रस्ता खरवडला नाही, त्याच्यावरच सिमेंट ओतलं, बाजूला गट्टू लावले आणि कंत्राटदार गेला. आता रस्ता वर आणि आमचं अंगण खाली. ज्या घराचं जोतं तीस वर्षांपूर्वी रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच होतं ते आता रस्त्याच्या खाली गेलं, साधा तासभराचा पाऊस आला तरी रस्त्याचं पाणी फाटकातून आत येतं आणि गडर लाइनचं पाणी चेंबरमधून वर येतं. पावसाळी नाली रस्त्याच्या कडेला आहे पण तिची तोंडं रस्त्यापेक्षा उंच आहेत, पाणी नालीत चढणार कसं? यासाठी कोणी इंजिनिअर असायची गरज नाही, बादलीभर पाणी ओतून पाहिलं तरी समजतं. आम्ही तक्रार केली तर सांगितलं की लेव्हल बरोबर आहे. पावसात येऊन उभे राहा आमच्या फाटकात, मी चहा देईन, आणि मग सांगा लेव्हल बरोबर आहे म्हणून.

दर उन्हाळ्यात नाग, पिली आणि पोहरा या तिन्ही नद्यांचा गाळ काढायचं अभियान होतं, पोकलेन लागतात, फोटो येतात. काम होतं, मी डोळ्यानं पाहते. पण काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवलेला पण मी डोळ्यानं पाहते, पहिल्या जोरदार पावसात तो परत नदीत. तलावातली जलपर्णी वाढते ती वरून सांडपाणी येतं म्हणून, ते वरच बंद झालं नाही तर दरवर्षी जलपर्णी काढायची मशीन भाड्यानं आणत राहा. नाग नदीच्या मोठ्या प्रकल्पाबद्दल किती वर्षांपासून वाचून राहिलो, हजार-दोन हजार कोटींचे आकडे, बोटी चालतील वगैरे. बोटी आम्ही पाहिल्या, २०२३ मध्ये बचाव पथकाच्या, आमच्या गल्लीत. आम्हाला नदीत बोट नको, नदीला जागा पाहिजे.

मदतीबद्दल फार नाही लिहीत. सरकारनं घरटी दहा हजार जाहीर केले होते. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, गाडीचं इंजिन, मुलाची पुस्तकं, किराणा, सासूबाईंचा हवेचा बेड, हे सगळं एका सकाळी चिखलात गेलं तेव्हा दहा हजारात काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. पण त्याहून वाईट म्हणजे आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी बाई, चार घरी स्वयंपाक करते, तिच्या नावाचा पंचनामाच झाला नाही कारण घर तिच्या नावावर नाही. घर तिचं नव्हतं पण बुडलेला संसार तर तिचाच होता ना.

आता मागण्या. सगळ्या साध्या आहेत, यातल्या अर्ध्या मागण्यांना टेंडर पण लागत नाही.

अंबाझरीच्या पाण्याची पातळी रोज, आणि पावसाळ्यात दर तासाला, सगळ्यांना दिसेल अशी जाहीर करा. तलावावर मोठा बोर्ड लावा, मोबाइलवर पण टाका. सांडव्यापासून पाणी किती खाली आहे एवढा एक आकडा आम्हाला पुरतो. त्या आकड्यानुसार तीन टप्पे ठरवा, सावध राहा, सामान वर उचला, घर सोडा, आणि कोणत्या आकड्याला कोणता टप्पा ते आधीच सांगून ठेवा. दरवाजे चालवायचे नियम मराठीत छापून वस्त्यांमध्ये वाटा, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहा.

सायरन लावाच, पण फक्त सायरनवर थांबू नका. त्या पुरात मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बचाव पथकानं बाहेर काढलं होतं. त्या मुलांना तुमचा सायरन ऐकू येणार नाही हे कोणाच्या लक्षात आलं का? त्यांच्यासाठी चमकणारा दिवा लागतो, किंवा दार ठोकून उठवणारा माणूस लागतो. आमच्या सासूबाईंना सायरन ऐकू येईल पण त्या उठू शकणार नाहीत. म्हणून प्रत्येक गल्लीची यादी करा, कोण अंथरुणाला खिळलं आहे, कोण एकटं आहे, कोणाला ऐकू येत नाही, कुठं बाळंतीण आहे, कोणाच्या घरी ऑक्सिजनची मशीन चालते. यादी करायला आम्ही तयार आहोत, आशाताईंना बरोबर द्या, आठवड्यात करून देतो. आणि त्यांना उचलून कुठं न्यायचं तेही ठरवा. कोणती शाळा, कोणतं समाजभवन, चावी कोणाकडे, जनरेटर आहे का. २०२३ मध्ये आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये एकोणीस-वीस जण बसलो होतो, वरचा मजलाच नाही अशा घरांचं काय?

पूररेषा आम्हाला दाखवा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आम्ही वाचलं आहे. नकाशे ऑफिसातल्या कपाटात ठेवून काय कामाचे, या दोन्ही रेषा आमच्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर रंगानं काढा. घराची किंमत पडेल म्हणून काही लोक विरोध करतील, आमच्या वस्तीतले पण करतील, मला माहीत आहे. तरी काढा. जो माणूस उद्या इथं आयुष्याची कमाई घालून ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट घेणार आहे त्याला हे दिसलं पाहिजे. आणि निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला, बेसमेंटला, नाल्यावरच्या स्लॅबला परवानगी देणं आजपासून बंद, मग ते बांधकाम कोणत्याही खात्याचं, कोणाच्याही नावाचं असो.

ओव्हरफ्लोपासून सीताबर्डीपर्यंत नदी कुठं किती रुंद होती आणि आता किती आहे, प्रत्येक पुलाखालून किती पाणी जाऊ शकतं, याचं मोजमाप करून जाहीर करा. खालचं मोठं केल्याशिवाय वरचं मोठं करू नका. यापुढं रस्ता करताना जुना थर खरवडल्याशिवाय नवीन थर टाकणार नाही असं लिहून द्या, आणि जिथं रस्ता वर गेलाच आहे तिथं नालीची तोंडं खाली घ्या. काढलेला गाळ त्याच दिवशी उचला. पंचनामा घरमालकाचा नाही, तिथं राहणाऱ्या माणसाचा करा.

आमच्या वस्तीतल्या काही लोकांनी घरं विकायला काढली आहेत. ज्यांना जमतं ते जातील. आम्हाला जमत नाही, आणि जायचं पण नाही, इथं माझ्या मुलाचा जन्म झाला आणि सासरे इथूनच गेले. आम्ही कोणाची जागा बळकावून बसलेलो नाही, मंजूर लेआउटमध्ये, टॅक्स भरून, नकाशा पास करून राहून राहिलो. पास करणारे तुम्हीच होते.

मृग लागायच्या आधी, म्हणजे मे संपायच्या आत, तुमच्यापैकी निर्णय घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्यांनी एका संध्याकाळी आमच्या वस्तीत यावं. तलाववाले, नदीवाले, रस्तेवाले, आपत्तीवाले, सगळ्यांनी एकाच दिवशी यावं, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची वेळ येणार नाही. खुर्च्या आणि माइकची व्यवस्था आम्ही करतो. वर लिहिलेल्या प्रत्येक मागणीसमोर हो किंवा नाही, हो असेल तर तारीख आणि नाही असेल तर कारण, असं लेखी उत्तर सही-शिक्क्यासह सोबत आणा. त्याची झेरॉक्स आम्ही नदीकाठच्या प्रत्येक बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर लावणार आहोत.

आपली,
डागा लेआउट परिसरातली एक ग्राउंड फ्लोअरची रहिवासी, नागपूर